मराठी नावांच्या याद्या जुळवणं: डोळ्याला सारखं, स्क्रिप्टला वेगळं

सरळरेषा
नमस्कार मंडळी,
दोन सीएसव्ही फायली आहेत. एकीत गणेश मंडळाचे सभासद, दुसरीत वर्गणी भरलेले. पायथन ३.११, विंडोज. वर्गणी कुणाची बाकी आहे एवढंच काढायचंय. मोबाइल नंबर अर्ध्या ओळींत रिकामे, त्यामुळे जुळवणी नावावरच करावी लागणार.

अडचणी तीन. गोऱ्हे, कऱ्हाडे, अशी आडनावं दोन्ही याद्यांत असूनही जुळत नाहीत. पहिल्या स्तंभाचं शीर्षक ढळढळीत 'नाव' आहे, तरी कीएरर ('असा स्तंभच नाही' ही चूक) येतो. आणि सॉर्टेड() ने नावं क्रमाने लावली की काळे कावळेंच्या आधी येतात.

एक विनंती: इथे कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि कॉपी करणाऱ्याला सिंटॅक्स एरर मिळतो. तेव्हा फंक्शनांची नावं देवनागरीतच लिहा, मी टंकून घेईन.

चहाटळ
एक्सेल उघडा, व्हीलूकअप लावा, संध्याकाळी आरतीला या.

बिनपगारी
@चहाटळ, व्हीलूकअपलाही गोऱ्हे सापडणार नाहीत. रोग डेटात आहे, अवजारात नाही.

@सरळरेषा, कीएररचं आधी. फाइल एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलेली असणार. एक्सेल अशा फायलीच्या सुरुवातीला बीओएमचे (फाइल युनिकोड असल्याची खूण) तीन बाइट टाकतो: ईएफ, बीबी, बीएफ. तुम्ही साध्या 'यूटीएफ-८'ने उघडलीत तर हे तीन बाइट एक अदृश्य अक्षर होऊन 'नाव'च्या पुढे चिकटतात. स्क्रीनवर दिसत नाही, पण शीर्षक तीनऐवजी चार अक्षरांचं होतं (कानाही वेगळा मोजला जातो). उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. बीओएम असेल तर ते गिळतं, नसेल तर गप्प राहतं, म्हणून वाचताना कायम हेच द्यायला हरकत नाही.

लिहितानाही फाइल एक्सेलमध्ये उघडायची असेल तर 'सिग'च. बीओएम नसलेल्या फायलीवर डबलक्लिक केलं की एक्सेल ती यूटीएफ-८ समजेलच याचा भरवसा नाही आणि मग सगळं कडबोळं दिसतं. अशी फाइल हातात आलीच तर डेटा टॅब, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ निवडा.

आणि सीएसव्ही मॉड्यूलने लिहिताना ओपनला न्यूलाइन म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर विंडोजवर एकाआड एक रिकामी ओळ येते.

अर्धा_र
गोऱ्हेंचा प्रश्न माझ्या नावाचाच आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. :)

हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पहिला: ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) आणि हलन्त. दुसरा: साधा र (०९३०), हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे, म्हणजे २००डी हे शून्य रुंदीचं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच. पण 'गोऱ्हे' पहिल्या प्रकाराने सहा कोडपॉइंटांचं (म्हणजे युनिकोड क्रमांकांचं; मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजायचे) होतं आणि 'गोर्‍हे' दुसऱ्या प्रकाराने सात. कोणत्या कीबोर्डवरून टंकलं त्यावर ठरतं. पायथनला ती दोन वेगळी आडनावं आहेत.

खात्री करायची असेल तर स्ट्रिंग ॲस्की() या फंक्शनमधून छापा. प्रत्येक अक्षराचा कोड दिसतो. नावासकट हवं असेल तर युनिकोडडेटा मॉड्यूलचं नेम() अक्षरागणिक चालवा, पण त्याला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून रिकामी स्ट्रिंग द्या, कारण न्यूलाइनसारख्या नियंत्रण अक्षरांना नाव नसतं आणि व्हॅल्यूएरर येतो. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत नुसतं प्रिंट करून निष्कर्ष काढू नका, तिथे जोडाक्षरं धड जुळत नाहीत.

नवखा_कोडर
यासाठी नॉर्मलायझेशन असतं ना? एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं की झालं?

अर्धा_र
नाही झालं. एनएफसी करायचंच, पण ते फक्त युनिकोडने अधिकृतपणे समतुल्य मानलेल्या जोड्या एक करतं. र आणि खाली नुक्ता (टिंब) असं आलं तर त्याचा ऱ होईल. झेडडब्ल्यूजेवाला प्रकार मात्र जसाच्या तसा राहतो. एनएफकेसी या त्याच्या सैल प्रकारानेही राहतो. तो हाताने बदलावा लागतो.

शुद्धबुद्ध
मग सगळे झेडडब्ल्यूजे उडवून टाकावेत. एका ओळीचं काम.

अर्धा_र
उडवून पाहा. र, हलन्त, ह उरतं आणि हवर रफार चढतो: 'गोर्हे'. आता तिसरंच आडनाव तयार झालं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी 'र + हलन्त + २००डी' या तीन अक्षरांच्या जागी 'ऱ + हलन्त' घाला, त्यानंतर उरलेले २००डी, २००सी, २००बी आणि एफईएफएफ ही अदृश्य अक्षरं काढा.

स्ट्रिप() हे काम करेल असं समजू नका. स्ट्रिप न तुटणारी जागा (००ए०) काढतं, पण २००बी आणि एफईएफएफ यांना ते मोकळी जागा मानत नाही.

बिनपगारी
त्यातच ॲडव्होकेट लोकांची भर. 'ॲ' हे ०९७२ वर एकसंध अक्षर आहे, ते युनिकोड ५.१ मध्ये म्हणजे २००८ साली आलं. त्याआधीचे आणि आजचेही कित्येक कीबोर्ड अ आणि त्यावर ॅ असं दोन अक्षरांत देतात. हीही जोडी एनएफसी एक करत नाही. 'अ + ा' म्हणजे 'आ' असंही त्याला वाटत नाही. म्हणून जुळवणीसाठी नावाचं एकसारखं रूप, म्हणजे किल्ली, बनवताना माझा क्रम असा:

१. एनएफसी.
२. अर्ध्या रचा बदल, वर सांगितला तसा.
३. शून्य रुंदीची अक्षरं काढणं.
४. अ + ॅ चा ॲ. आ + ॅ आणि अ + ॉ या दोन्हींचा ऑ. अ + ा चा आ.
५. श्री., सौ., ॲड., डॉ. हे सुरुवातीचे शब्द काढणं. ही पायरी चौथीच्या नंतरच, नाहीतर निम्मे ॲड. सुटतात.
६. स्प्लिट करून एका स्पेसने जॉइन, म्हणजे मधल्या दोन-तीन स्पेसही जातात.

आणि हे मूळ नावावर करू नका. वेगळा स्तंभ करा, 'किल्ली' म्हणा, जुळवणी त्याच्यावर. पावतीवर छापायचं ते सभासदाने लिहून दिलेलं नाव.

पाटीपेन्सिल
शेवटच्या ओळीला +१००. मूळ स्तंभ 'स्वच्छ' करून तोच सेव्ह केला की परत यायला वाट नसते.

कोकणकडा
यादीत विसर्ग तपासा. 'नाव:' टंकताना निम्मे लोक कोलनऐवजी विसर्ग (०९०३) मारतात. 'मोबाइलः ९८...' अशी ओळ कोलनवर स्प्लिट केली की एकच तुकडा मिळतो आणि पुढे इंडेक्सएरर. तसंच दंड (।) आणि पाइप (|): दिसायला सारखे, पण अक्षरं वेगळी.

शुद्धबुद्ध
सरसकट विसर्गाचा कोलन करू नका हं! स्वतः, अंशतः, दुःख यांचं काय?

कोकणकडा
सरसकट कोण म्हणालं? फक्त ओळीच्या सुरुवातीला ठरावीक लेबलं असतात: नाव, पत्ता, मोबाइल, दिनांक. तेवढ्या शब्दांमागचाच विसर्ग बदलायचा. 'स्वतः' नावाचं लेबल माझ्या तरी पाहण्यात नाही.

नवखा_कोडर
मी शब्द सुटे करायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधायची भाषा) बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस वापरतो. 'मराठी' दिलं तर 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे येतात. पायथन बिघडलंय का?

अर्धा_र
बिघडलेलं नाही, ते तसंच आहे. पायथनच्या आरई मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. काना, वेलांटी, हलन्त यांचा युनिकोड वर्ग 'चिन्ह' आहे, 'अक्षर' नाही, म्हणून शब्द प्रत्येक मात्रेपाशी तुटतो. याच कारणाने 'मराठी'वर इझअल्फा() फॉल्स देतं, आणि नावाच्या रकान्यावर ती तपासणी लावली की जवळजवळ प्रत्येक मराठी माणूस अवैध ठरतो.

उपाय दोन. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) 'रेजेक्स' नावाचं मॉड्यूल घ्या, त्याचं बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्रा धरून चालतं. किंवा ०९०० ते ०९७एफ अशी अक्षरश्रेणी स्वतः द्या. त्या श्रेणीत दंड (०९६४) आणि दुहेरी दंडही येतात, ते वगळा.

खडूफळा
त्याच भागातला उलटा घोळ अंकांचा. पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश-डी देवनागरी आकडेही पकडतं. मोबाइल नंबरसाठी 'दहा वेळा बॅकस्लॅश-डी' अशी तपासणी ठेवली तर देवनागरीत लिहिलेला नंबर आरामात पास होतो, आणि पुढे एसएमएस पाठवणाऱ्या सेवेला दिला की तिथे आपटतो. एक तर आरई.ॲस्की हा फ्लॅग लावा किंवा शून्य ते नऊ असे इंग्रजी आकडेच श्रेणीत लिहा. त्याआधी ट्रान्सलेट आणि मेकट्रान्सने देवनागरी दहा आकड्यांचे इंग्रजी दहा आकडे करून घ्या.

गंमत म्हणजे इंट() ला देवनागरी आकडे थेट चालतात. जावास्क्रिप्टमध्ये तेच नंबर() ला दिले तर नॅन, म्हणजे 'हा आकडा नाही'. त्यामुळे सर्व्हरवर चालतं आणि ब्राउझरमध्ये नाही, असे बग निघतात.

चहाटळ
जावास्क्रिप्टचा विषय निघाला, आता धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलो.

पाटीपेन्सिल
रकमेसाठी एक तिथलंच: टूलोकेलस्ट्रिंगला 'एमआर-आयएन' दिलं तर आकडे देवनागरी आणि स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे. आकडे इंग्रजी हवे असतील तर 'ईएन-आयएन'. पायथनच्या एफ-स्ट्रिंगमधला स्वल्पविराम मात्र तीन-तीनचेच गट करतो: १,२३४,५६७. पावतीवर तसं छापलं तर खजिनदार परत पाठवतो.

सरळरेषा
वा! 'सिग'ने कीएरर गेला. किल्लीचा स्तंभ केल्यावर गोऱ्हे, कऱ्हाडे सगळे जुळले. पण दुसऱ्या फायलीवर नवीनच: 'चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट ८डी'. आणि एक छोटी चाचणी फाइल एरर न देता उघडली, पण आत रोमन अक्षरांची खिचडी. एकाच मशीनवर दोन तऱ्हा का?

बिनपगारी
त्या ठिकाणी ओपनला एन्कोडिंग दिलेलं नाही. ३.११ विंडोजवर एन्कोडिंग न दिल्यास सिस्टिमचं कोडपेज (बाइटवरून अक्षर ठरवणारा जुना तक्ता) घेतं, बहुधा सीपी१२५२. त्या कोडपेजात पाच बाइट रिकामे आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. आता देवनागरी यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटचा. हलन्त म्हणजे ई०, ए५, ८डी. ऱ्हस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१, ए चा ८एफ, झ चा ९डी. म्हणजे फायलीत एक जरी जोडाक्षर किंवा 'झुंबर' आलं की पायथन ओरडतं. तुमच्या चाचणी फायलीत 'राम', 'मराठी' असलेच शब्द असणार. त्यांतले सगळे बाइट सीपी१२५२ मध्ये कशाला ना कशाला लागू पडतात, म्हणून एरर नाही, नुसता कचरा.

तेव्हा चाचणीसाठी शब्द निवडताना जोडाक्षर आणि उकार असलेला घ्या. 'राम' पास झाला म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

उपाय: प्रत्येक ओपनला एन्कोडिंग. दुसऱ्याची स्क्रिप्ट असेल आणि हात लावायचा नसेल तर 'पायथनयूटीएफ८' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा, ३.७ पासून चालतं.

कोकणकडा
'एरर्स = इग्नोर' लावणाऱ्यांना या धाग्यावरून तडीपार करावं. एरर जातो, सोबत अक्षरंही जातात, आणि ते कळतं पावत्या वाटून झाल्यावर.

खडूफळा
वाचायला पांडाज ही तक्त्यांची लायब्ररी वापरत असाल तर डीटाइप एसटीआर (सगळं मजकूर म्हणून) द्या, नाहीतर शून्याने सुरू होणारे सभासद क्रमांक आपलं शून्य गमावतात. तारखा 'दिवस/महिना/वर्ष' असा फॉरमॅट स्पष्ट देऊन वाचा. ०५/०४/२०२४ ही तारीख न सांगता ४ मे होते. आणि पुढे फाइल एक्सेलमध्येच जाणार असेल तर सीएसव्हीचा नाद सोडून ओपनपायएक्सएलने थेट एक्सएलएसएक्स लिहा. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरतं, सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. मूल्य स्ट्रिंग म्हणून लिहिलं की सुटका.

जुनाजाणता
तुमची यादी निदान युनिकोडमध्ये आहे. जुन्या नोंदी कृतिदेवमध्ये असतील तर त्याला एन्कोडिंग बदलून काही होत नाही. ती साधी रोमन अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी कपडे चढवतो. तक्ता लावून बदलावं लागतं आणि त्यात तीन ठिकाणी फसगत होते.

एक, लांब जोड्या आधी बदला. कृतिदेवमध्ये मोठं 'एफ' आणि 'के' मिळून थ होतो, आणि नुसतं 'के' म्हणजे काना. 'के' आधी बदललात तर सगळे थ अर्धे राहून पुढे काना येतो. तक्ता लांबीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा.

दोन, ऱ्हस्व वेलांटी. तिथे ती छोट्या 'एफ'ने व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर हवी. नुसती पुढच्या एका अक्षरापलीकडे नेली तर 'स्थिती'सारख्या शब्दांत स् आणि थ यांच्यामध्ये अडकते. व्यंजन-हलन्ताच्या जितक्या जोड्या आहेत त्या सगळ्या ओलांडून न्या.

तीन, रफार. तिथे तो अक्षर आणि मात्रा झाल्यावर मोठ्या 'झेड'ने येतो, युनिकोडमध्ये 'र + हलन्त' त्या अक्षरसमूहाच्या आधी. 'कुलकर्णी'वर चाचणी घ्या, वेलांटीसकट मागे जातो का ते कळतं. मोबाइल नंबर आणि ईमेलचे स्तंभ या तक्त्यातून जाऊ देऊ नका, ते खरोखर रोमन असतात.

सरळरेषा
कृतिदेव नाही, देवाची कृपा. आता क्रमवारी राहिली.

शुद्धबुद्ध
पायथन कोडपॉइंटच्या क्रमाने लावतं. तिथे ळ (०९३३) हा ल आणि व यांच्यामध्ये बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणून तुम्हाला काळे, कावळे, काशीकर, कासार असं मिळतं. हवंय कावळे, काशीकर, कासार, काळे. शिवाय क्ष आणि ज्ञ शेवटी हवेत.

नवखा_कोडर
सॉर्टेडच्या की फंक्शनमध्ये ळच्या जागी युनिकोडच्या खासगी क्षेत्रातलं (कुठल्याही लिपीला न दिलेलं) ई००० टाकलं तर? ते सगळ्यांच्या शेवटी येतं.

शुद्धबुद्ध
फारच शेवटी येतं, तीच अडचण. कोडपॉइंटांचा क्रम व्यंजनं, मग मात्रा, मग हलन्त असा आहे, आणि तो बरोबरच आहे: कदम आधी, काणे नंतर. ळ मात्रांच्याही पलीकडे गेला तर 'कळके' हे 'कोरडे' यांच्या मागे जातात. ळची जागा ह (०९३९) आणि काना (०९३ई) यांच्यामध्ये हवी. तिथे ०९३ए आणि ०९३बी ही काश्मिरीसाठीची चिन्हं आहेत, मराठी नावांत येत नाहीत. ळ → ०९३ए, क्ष → ०९३बी, ज्ञ → ०९३सी. शेवटचा नुक्ता आहे, म्हणून आधी नुक्ते काढून टाका. ऱचा र करा, ॲचे अ आणि ॅ असे दोन तुकडे करा, नाहीतर ०९७२ मुळे सगळे ॲ तळाला जातात. हे फक्त की फंक्शनपुरतं, फायलीत लिहायचं नाही.

जुनाजाणता
चलाख आहे, पण पुढच्या माणसाला कळणार नाही. पायआयसीयू (भाषेच्या नियमाने क्रम लावणारी लायब्ररी) बसवा, 'एमआर' लोकेलचा कोलेटर घ्या, त्याचं गेटसॉर्टकी वापरा.

शुद्धबुद्ध
विंडोजवर पायआयसीयू पिपने सरळ बसलं तर मला कळवा. इथे बारा ओळींत काम होतंय.

पाटीपेन्सिल
पण क्षीरसागर शेवटी का? कित्येक शब्दकोशांत क्ष हा क मध्येच असतो. हजेरीपटात शोधणाराही क मध्येच शोधेल.

शुद्धबुद्ध
शाळेत ळ, क्ष, ज्ञ असंच पाठ केलंय आपण.

पाटीपेन्सिल
शाळेत पाठ केलं, यादीत शोधत नाही.

चहाटळ
समस्त क्षीरसागरांनी मतदान करावे.

बिनपगारी
क मध्ये हवं असेल तर क्षचा बदल वगळा, कोडपॉइंटने तो आपोआप क खाली पडतो. दोन्ही चालतं, मंडळाला विचारून एक ठरवा. त्यापेक्षा कामाचं: सरळरेषा, बाकीदारांना एसएमएस जाणार असेल तर लांबी मोजून घ्या. देवनागरी संदेशात एकाला ७० ची मर्यादा, लांब झाला तर प्रत्येक तुकडा ६७ चा. काना-मात्राही मोजल्या जातात. 'मराठी' पाच होतात. लेन() जे सांगतं तेच धरा. आणि मर्यादेत बसवायला स्ट्रिंग स्लाइसने कापू नका, शेवटी लोंबता हलन्त उरतो. वाक्य छोटं करा.

खडूफळा
यादीची पीडीएफ काढणार असाल तर लायब्ररी शेपिंग (मात्रा आणि जोडाक्षरं जागच्या जागी बसवणं) करते का ते बघा. करत नसेल तर 'किती'मधली पहिली वेलांटी कच्या मागे पडते. एफपीडीएफ२ मध्ये सेट-टेक्स्ट-शेपिंग ट्रू करावं लागतं आणि त्यासाठी यूहार्फबझ वेगळं बसवावं लागतं. त्याहून सोपं, एचटीएमएल बनवा आणि क्रोममधून छापा. लँग 'एमआर' द्या. फॉन्टात मराठी रूपं असली तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

सरळरेषा
धन्यवाद सगळ्यांना. क्षीरसागर क मध्येच ठेवले. आता किल्लीनेही न जुळणारी काही नावं उरली आहेत: कुलकर्णी/कुळकर्णी, पाटील/पाटिल अशी. डिफलिबने (दोन मजकूर किती सारखे याचे शून्य ते एक गुण देणारं मॉड्यूल) ०.८५ च्या वर असतील ती एक मानू का?

अर्धा_र
मानू नका. त्यातला सीक्वेन्समॅचर कोडपॉइंट मोजतो, तेव्हा आकडे हातानेही काढता येतात. कुलकर्णी/कुळकर्णी: आठपैकी सात जुळतात, ०.८७५. पाटील/पाटिल: पाचपैकी चार, ०.८. आणि पवार/पोवार? चार आणि पाच कोडपॉइंट, चारही जुळतात; जुळलेल्यांची दुप्पट भागिले एकूण, म्हणजे ८/९, ०.८९. जे एकच आहेत त्यांना कमी गुण, आणि जी दोन वेगळी कुटुंबं असू शकतात त्यांना सगळ्यांत जास्त. ०.८५ लावलंत तर पाटील सुटतील आणि पोवारांची वर्गणी पवारांच्या नावे जमा होईल.

०.७५ च्या वरच्या जोड्या वेगळ्या फायलीत काढा: दोन्ही मूळ नावं, दोन्ही मोबाइल, गुण, आणि 'एकच का' हा रिकामा स्तंभ. तो स्तंभ मंडळाच्या ज्या माणसाला घरं माहीत आहेत त्याने भरायचा. भरलेली फाइल स्क्रिप्टने पुन्हा वाचायची आणि होकार असलेल्याच जोड्या धरायच्या. पुढच्या वर्षी हीच फाइल परत वापरता येते, फक्त त्यात नावं साठवताना किल्ली साठवा.

चहाटळ
आणि ती भरलेली फाइल एक्सेलमधून परत येणार, तेव्हा 'सिग' विसरू नका.